ऑफिसचा नकार

पणदऱ्याच्या अलीकडे उसाच्या फडांमधून एक मुरमाड रस्ता आत वळतो आणि कृषी पर्यटन केंद्रापाशी संपतो. तिथं झोके, रंगवलेली बैलगाडी आणि कंटाळलेलं शहामृग असतं. बारामती-इंदापूरच्या अंगणवाड्या सुधारणाऱ्या एका संस्थेच्या गुणवत्ता गटाचं शिबिर तिथं भरलं होतं. अंगणवाड्या सुधारता सुधारता मंडळी थकली होती, म्हणून दोन दिवस लहान मूल होऊन बघायचं ठरलं होतं. प्रत्येकीच्या गळ्यात लोकरीत ओवलेली पुठ्ठ्याची पाटी होती आणि पाटीवर लहानपणीचं लाडाचं नाव. चांगली पस्तिशीची अंजली गळ्यात 'चिमी' घालून फिरत होती.

आल्या आल्या गटप्रमुख राजेश्वरीताईंनी सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत गोळा केले आणि वर टॉवेल टाकला. "जेवणापर्यंत टोपलीला हात लावायचा नाही. जी लावेल तिनं कोंबडा होऊन आरवायचं!" सगळ्या खिदळल्या. अंजलीचा हात मात्र टोपलीवर जरा रेंगाळला.

तिच्या डोक्यात सणसरची छकुली होती; तिथली अंगणवाडी अंजलीच्याच देखरेखीखाली होती. छकुलीची आई रेश्मा नवऱ्याच्या माराला विटून गावातच भावाकडे राहायला गेली होती. "तू परत आली न्हाईस तर पोरगी घिऊन कालव्यात उडी टाकीन," असं नवऱ्यानं, दीपकनं, तिला चारचौघांत बजावलं होतं. ती पोलिसांकडे गेली, तर त्यांनी घरचं भांडण म्हणून तक्रार न घेताच तिला परत पाठवलं. रेश्मा खुरपणीला जायची आणि तेवढा वेळ छकुलीला अंगणवाडीत ठेवायची.

अंगणवाडीत सेविका शालनबाई एकटी, मदतनिसाची जागा रिकामीच. दीपक गावातल्या वजनदार घरातला आणि शालनबाई बौद्ध वस्तीतली. त्या घरातल्या माणसाला तोंडावर 'न्हाय' म्हटल्यावरही तिला त्याच गावात राहावं लागणार होतं. अंजली स्वतः निरवांगीच्या तशाच वस्तीत वाढलेली, तिला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हणून तिनंच वाट काढली होती. दीपक आला की शालनबाईनं तिला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा, आणि अंजलीनं कडक आवाजात सांगायचं की मूल आईशिवाय कुणाला मिळणार नाही. म्हणजे नकार ऑफिसचा, शालनबाईचा नव्हे. गेल्या महिन्यात युक्ती लागू पडली होती. दीपक शिव्या देत निघून गेला होता. "मी आहे ना, घाबरू नकोस," असं अंजलीनं रेश्माला तोंड भरून सांगितलं होतं.

हे राजेश्वरीताईंना सांगून फोन जवळ ठेवावा, असं तिच्या मनात आलं. पण 'तुला कामातून बाहेरच पडता येत नाही' म्हणून ताईंनी तिला मागच्या बैठकीत सर्वांदेखत टोकलं होतं. ती मुकाट्यानं गोलात जाऊन बसली.

आईचं पत्र हरवल्याचा खेळ सुरू झाला. रुमाल घेऊन एक जण गोलाभोवती पळत होती आणि बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. तेवढ्यात टोपली घुरघुरली. थांबली. पुन्हा घुरघुरली. कुणाचा फोन ते कळत नव्हतं. अंजली अर्धवट उठली.

"चिमे, बस खाली!" राजेश्वरीताई लाडानं ओरडल्या. "दोन तासांत काही जग बुडत नाही."

मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं आणि हशा पिकला. अंजलीही हसली आणि खाली बसली. आपण हसलो, हे पुढं जन्मभर तिच्या काळजाला घरं पाडणार होतं.

जेवणाच्या वेळी टॉवेल निघाला. फोनवर शालनबाईचंच नाव एकाखाली एक होतं. अंजलीनं फोन लावला.

"बाई, तुमी उचलला न्हाय," शालनबाई हुंदके देत होती. "लई येळा लावला. त्यो म्हनला, लाव की तुझ्या हापिसाला, बघू कोन न्हाय म्हनतंय. फोन नुसता वाजत ऱ्हायला. मग त्यो हसला अन् पोरीला काखंत मारून घिऊन गेला. म्या आडवं पडाय पायजे हुतं, बाई. माझी छाती झाली न्हाय. कालव्याकडं या, लवकर या."

अंजलीनं स्कूटी काढली. कुणाला काही सांगितलं नाही.

कालव्याला पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. भरावावर दीपकची मोटरसायकल नीट स्टँडवर लावलेली होती. तो अजून सापडला नव्हता. छकुलीला लोकांनी खालच्या पुलापाशी बाहेर काढलं होतं आणि कुणाच्या तरी उपरण्यानं झाकलं होतं. शेजारी रेश्मा बसली होती, हातांना रानातली माती तशीच. ती रडत नव्हती. शालनबाई लांब बाभळीखाली उभी होती, आणि तिच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं.

अंजली रेश्माच्या समोर मातीत बसली. रेश्माची नजर तिच्या गळ्यातल्या पाटीवर गेली आणि तिथंच थांबली.

"फोन कुठं हुता, बाई?"

रेंज नव्हती, असं अंजलीच्या जिभेवर आलं. उसाच्या पट्ट्यात ते कुणालाही पटलं असतं.

"टोपलीत," ती म्हणाली.

रेश्माला काही उमगलं नाही. तेव्हा अंजलीला पुढचंही सांगावं लागलं.

"आम्ही खेळत होतो."