सुगीच्या चौथऱ्यावरची खुर्ची

सुगीचा रविवार दोन आठवड्यांवर आला होता, आणि गेर्लांदने निरोप पाठवला, की ती चर्चला येईल, पण चौथऱ्यावर बसणार नाही.

उपासना संपल्यावर समितीची पाच माणसं चर्चच्या मागच्या खोलीत जमली होती. सिस्टर व्हर्नेलने (चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो) फोनवरचा निरोप मोठ्याने वाचला आणि चष्मा काढून ठेवला.  मग चर्चचे कारभारी डीकन रॉइस यांनी घसा साफ केला. ते घसा साफ करायला लागले, की आमच्या सालेम गॅप गावातली माणसं खुर्चीत नीट टेकून बसतात, कारण आता लवकर सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या चर्चमध्ये मोठा पैसेवाला कुणी नाही. याम या मोठ्या कंदाचे मळे, थोडी कॉफी, दोन दुकानं, एवढ्यावर आमची टेकडी जगते. तरी समुद्रापलीकडच्या हैतीतली एक मुलगी आपण विद्यापीठात शिकवायची, असं तीन वर्षांपूर्वी या माणसांनी ठरवलं, आणि रताळ्याचं पुडिंग विकून, याम विकून ते निभावलं. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. गेर्लांद ओक्साँ डोंगराखालच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकत होती आणि आता तिचं एकच वर्ष राहिलं होतं.

पण शिकवता शिकवता आम्हाला एक सवय जडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी गेर्लांद टेकडी चढून यायची. सिस्टर व्हर्नेल तिचे गुण सगळ्यांसमोर वाचायची, आणि मग गेर्लांदने उभं राहून आभार मानायचे. रसायनशास्त्रात ती एकदा नापास झाली, तेव्हा सगळ्या मंडळीने तिचं नाव घेऊन पाऊण तास प्रार्थना केली. आणि सुगीच्या रविवारी तर विचारूच नका! वेदीसमोर लाकडी चौथरा मांडतात. त्यावर याम, भोपळे, केळ्यांचे घड, तुरीच्या शेंगा, उसाच्या मोळ्या रचतात. त्या सगळ्याच्या मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर गेर्लांद आणि तिच्या खांद्यावरून जांभळी फीत. फितीवर लिहिलेलं असे, ‘आमच्या श्रमाचं पहिलं फळ’. ही कल्पना सिस्टर व्हर्नेलची. फीत शिवलीही तिनेच.

डीकन रॉइस यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की मुलीला माज आला आहे. गेले दोन पहिले रविवार ती फिरकली नाही, आणि आता तर अटी घालते. समितीने ठराव केला: गेर्लांदने सुगीला चौथऱ्यावर बसावं, नाहीतर शेवटच्या वर्षाची फी मंडळी भरणार नाही. ठराव पोचवायचं काम सिस्टर व्हर्नेलकडे आलं.

सिस्टर व्हर्नेल पिनॉकने चाळीस वर्षं टपालकचेरी सांभाळली होती. लोकांची पत्रं तिने कधी उघडली नाहीत, कुणाचं पाकीट कधी हरवलं नाही. आपण सरळ माणूस आहोत याची तिला खात्री होती. म्हणून मंगळवारी सकाळी ती टोपी घालून मास एग्बर्टच्या पिकअपमध्ये बसली, तेव्हा तिला वाईट वाटत होतं ते फक्त त्या मुलीच्या कृतघ्नपणाचं.

मास, म्हणजे थोरला, एग्बर्ट हा आमच्या चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा. वय अठ्ठ्याहत्तर. समितीत तो नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. उतारावर गाडी चालवताना तो एकदाच म्हणाला, “व्हर्नेल, पोरीला आधी विचारशील ना, काय झालं ते? की आधी ठराव वाचशील?”

“तुम्ही रस्त्याकडे बघा, मास एग्बर्ट,” सिस्टर व्हर्नेल म्हणाली.

वसतिगृहाच्या खोलीत गेर्लांदने दोघांना पलंगावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. तिने काळी कॉफी केली, पावाला शेंगदाण्याचं तिखट लोणी लावून बशीत मांडलं. ते लोणी ती स्वतः वाटायची, तिच्या आईच्या पद्धतीने, हिरवी मिरची घालून. खोली लहान आणि टापटीप होती. दाराशी काळ्या बुटांचा एक जोड ठेवलेला होता. सिस्टर व्हर्नेलने पर्समधून ठरावाचा कागद काढला आणि वाचला. गेर्लांदने तो शेवटपर्यंत ऐकला.

“समितीचं म्हणणं समजलं, सिस्टर व्हर्नेल,” ती म्हणाली. “मी घरी परत जाईन. तीन वर्षं तुम्ही शिकवलंत, ते मी विसरणार नाही.”

सिस्टर व्हर्नेलला वाटलं होतं, मुलगी रडेल, माफी मागेल, मग आपण तिला जवळ घेऊ. हे उत्तर तिच्या हिशेबात नव्हतं. “अगं, एका खुर्चीवर बसायचं तर आहे! एवढ्यासाठी शिक्षण सोडतेस? आमचं काही चुकलं का?”

 गेर्लांदने फोन हातात घेतला आणि मागच्या सुगीची चित्रफीत लावली. ती चर्चनेच लोकांसाठी इंटरनेटवर टाकली होती. पडद्यावर यामच्या राशीत गेर्लांद बसली होती आणि तिच्या शेजारी उभी राहून सिस्टर व्हर्नेल भरल्या गळ्याने सांगत होती, की ही मुलगी आपल्याकडे आली तेव्हा उपाशी होती आणि अनवाणी होती. खाली बायका डोळे पुसत होत्या.

“हे मायामीतल्या एका नातेवाइकाने माझ्या आईला पाठवलं,” गेर्लांद म्हणाली. “दोन महिने झाले. आईला इंग्रजी थोडंच येतं, पण उपाशी आणि अनवाणी हे दोन शब्द तिला कळले. ती आमच्या गावी, जाकमेलला, शाळेत शिकवते, सिस्टर. सव्वीस वर्षं शिकवते. तिच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी ते पाहिलं. तिने मला एवढंच विचारलं, ‘गेर्लांद, मी तुला कधी अनवाणी पाठवलं होतं?’ त्यावर मी काय सांगायचं? तुम्ही मला फरशी पुसायला सांगा, मुलांना शिकवायला सांगा, मी आनंदाने करीन. पण त्या खुर्चीवर बसले, तर ते खरं आहे असं मीच म्हटल्यासारखं होईल.”

सिस्टर व्हर्नेलची नजर दाराशी गेली. ते बूट तिने ओळखले.

तीन वर्षांपूर्वी किंग्स्टनच्या विमानतळावर नावाची पाटी घेऊन तीच उभी होती. दारातून निळ्या, कडक इस्त्रीच्या झग्यात एक मुलगी बाहेर आली होती आणि तिच्या पायांत हेच काळे बूट होते, चेहरा दिसेल इतके चकचकीत. आणि तेव्हा सिस्टर व्हर्नेलच्या मनात काय आलं होतं? कुणाला कधी न सांगितलेली ती गोष्ट आता तिला लख्ख आठवली. तिची निराशा झाली होती! ही तर गरीब दिसतच नाही, आता मंडळीला काय दाखवायचं, असं तिला वाटलं होतं. म्हणून सुगीचं भाषण लिहिताना तिने पेन उचललं आणि मुलीच्या पायांतले बूट काढून टाकले. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून पोटातला घासही काढला.

तिचे कान तापले.   ती उठली, “मी येते,” एवढंच म्हणाली आणि जिन्याकडे चालू लागली. ठरावाचा कागद पलंगावरच राहिला. मास एग्बर्ट मागे थांबला, बशीतला पाव त्याने सावकाश संपवला, गेर्लांदला “फार चांगलं झालंय, बाळ” म्हणाला आणि मग तोही निघाला.

परतीच्या वाटेवर चढाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली आणि टपरीवरून भाजलेला याम आणि खारा मासा आणला. सिस्टर व्हर्नेलने हात लावला नाही.

“इंग्लंडहून कपड्यांची पेटी यायची, ते आठवतं तुला?” त्याने विचारलं.

“मला आत्ता कसली आठवण करून देऊ नका.”

“तू सात वर्षांची असशील. मी चौदाचा. मिशनच्या बाईंनी ऑगस्टच्या उन्हात तुम्हा मुलांना लोकरीचे कोट घातले होते, तिकडे फोटो पाठवायला. तुझ्या आईने तुला पिवळा फ्रॉक शिवला होता. खळ घालून इस्त्री केलेला, कॉलरला भरतकाम केलेला. बाईंनी कोटाची बटणं पार गळ्यापर्यंत लावली, तो फ्रॉक दिसू नये म्हणून. तुझी आई कुंपणाशी उभी होती. मी तिच्या शेजारी होतो, व्हर्नेल. तिचं तोंड मी पाहिलंय.”

सिस्टर व्हर्नेलला फोटो आठवत नव्हता. मानेला टोचणारी लोकर आठवत होती. आणि आईने घरी आल्यावर एक शब्दही न बोलता तो कोट घडी करून ट्रंकेच्या तळाशी टाकला, तो पुन्हा कधीच बाहेर काढला नाही, हे आठवत होतं. साठ वर्षांत तिला त्याचं कारण कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

“मी वाईट हेतूने नाही केलं,” ती शेवटी म्हणाली. “लोकांनी हात सैल सोडावा म्हणून केलं.”

“त्या बाईंचाही हेतू वाईट नव्हता,” मास एग्बर्ट म्हणाला. “हे बघ, आपण पोरीची फी भरतो. चांगलं करतो. पण फी भरली म्हणून तिची गोष्ट आपल्या मालकीची होत नाही. ती कुणाला सांगायची, किती सांगायची, हे ती ठरवील. आपण तिच्याकडून रोज आभार वसूल करायला लागलो, तर ती मदत कसली? तो तर बाजार झाला. आणि बाजारात आपण तिच्या आईची अब्रू मांडली.”

सिस्टर व्हर्नेलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. 

दुसऱ्याच दिवशी तिने समितीला बोलावलं. खुर्ची चौथऱ्यावर येणार नाही, गुण वाचले जाणार नाहीत आणि फी भरली जाईल, असं तिने सांगितलं; भाषणातल्या त्या दोन खोट्या शब्दांबद्दलही सांगितलं. डीकन रॉइस यांनी घसा साफ केला. “सिस्टर, दोन शब्दांनी काय बिघडलं? लोकांची मनं द्रवली. मुलीचंच भलं झालं.”

“ब्रदर रॉइस,” ती म्हणाली, “लोकांची मनं द्रवावी म्हणून कुणीतरी एकदा मलाही कोट घातला होता. माझं भलं झालं असेल. माझ्या आईचं नाही झालं.”

डीकन रॉइस यांनी पुन्हा घसा साफ केला, पण या वेळी फक्त हात वर केला. ठराव मागे घेतला गेला. संध्याकाळी तिने गेर्लांदला फोन करून फीचं सांगितलं आणि विचारलं, “त्या दोन शब्दांबद्दल मी चर्चमध्ये खरं सांगू का? तू नको म्हणालीस, तर नाही सांगणार.” गेर्लांद म्हणाली, “सांगा.”

सुगीच्या रविवारी चर्च भरलं होतं. चौथऱ्यावर याम होते, भोपळे होते आणि मध्ये मोकळी जागा होती. तिथे सिस्टर व्हर्नेल जाऊन उभी राहिली. हातात कागद नव्हता.

“मागच्या वर्षी इथे उभी राहून मी खोटं बोलले,” ती म्हणाली. पंखे हलवणारे हात थांबले. “गेर्लांद ओक्साँ आपल्याकडे उपाशी आली नाही. अनवाणीही आली नाही. तिच्या पायांत बूट होते आणि ते माझ्या बुटांहून चकचकीत होते. मी ते पाहिले होते. पाहूनही मी तुम्हाला उलटं सांगितलं, कारण गरीब मुलगी दाखवली की तुम्ही जास्त द्याल आणि माझी समिती मोठी दिसेल, असं मला वाटलं. तिच्या आईने हे समुद्रापलीकडून ऐकलं. मला लाज वाटते. ती वाटलीच पाहिजे.”

एवढं बोलून ती खाली आली आणि पहिल्या रांगेतली आपली नेहमीची जागा सोडून मागे जाऊन बसली. बहुतेकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे काहींनी पाहिलं.

मग सुगीची भेट आणायची वेळ झाली. एकेक घर उठलं, कुणी घड, कुणी ऊस, कुणी अंडी घेऊन पुढे गेलं. त्या रांगेत, दोन म्हाताऱ्यांच्या मागे, गेर्लांद होती. तिच्या हातात काचेची बरणी होती, शेंगदाण्याच्या तिखट लोण्याने भरलेली. तिने ती दोन भोपळ्यांच्या मधे ठेवली, मान लववली आणि सगळ्यांसारखीच बाकावर जाऊन बसली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा त्या चौथऱ्यापाशी काही द्यायला गेली होती! तिलाही काही द्यायचं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेर्लांदला विचारून सिस्टर व्हर्नेलने आपलं त्या दिवशीचं बोलणं जाकमेलला पाठवलं. सोबत दोन ओळींची माफी. अकरा दिवस उत्तर आलं नाही. सिस्टर व्हर्नेल रोज फोन पाहायची आणि पुन्हा ठेवायची. माफी मागितली म्हणजे ती मिळालीच पाहिजे असं नाही, हे ती स्वतःला बजावत राहिली. बाराव्या दिवशी उत्तर आलं. गेर्लांदने त्याचं इंग्रजी करून तिला कागदावर लिहून दिलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, जिथे उभी राहून ती गुण वाचायची, तिथेच सिस्टर व्हर्नेलने तो कागद उलगडला.  मादाम ओक्साँने लिहिलं होतं: “दर शनिवारी मी माझ्या मुलीचे बूट स्वतः पॉलिश करत असे. तुमच्या लोकांना एवढं सांगा. फीबद्दल आभार.”

बंधुभगिनींनो, ही गोष्ट एका टेकडीवरच्या चर्चची असली तरी तेवढ्यापुरती नाही. आपण शाळेत वह्या वाटतो, पुरात धान्य वाटतो, आणि घेणाऱ्याला जवळ उभं करून फोटो काढतो. मदत जरूर करा, हात आखडता घेऊ नका. पण देताना समोरच्याच्या दाराशी ठेवलेले बूट पाहा, आणि ते कुणी पॉलिश केले असतील याचा विचार करा. ज्याला आपण हात देतो, त्याला मान खाली घालायला लावली, तर दिलेलं सगळं आपण परत घेतलं असं समजा.

सिस्टर व्हर्नेलने ती जांभळी फीत उसवून टाकली. आमच्या सालेम गॅपच्या सुगीच्या चौथऱ्यावर आताही याम असतात, भोपळे असतात, उसाच्या मोळ्या असतात. माणूस नसतो.