आकड्यांचं विमान

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, मीरा रोडच्या एका कारखान्यात, अडगळीच्या खोलीत, मी भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. पण सात वर्षं मी विमान उतरवत होतो.

ते विमान आकड्यांचं होतं. त्याचे पंख हैदराबादच्या कंपनीतल्या संगणकात, इंजिन बंगळूरच्या, आणि चाकांचे ब्रेक माझ्याकडे. तारांनी जोडलेल्या आम्ही तिघांनी एकाच क्षणी आपापलं काम केलं, तरच ते नीट उतरायचं. खरं विमान बनण्याआधी चुका सापडाव्यात, म्हणून आमचा हा खटाटोप. आमच्या कंपनीने घडवलेला ब्रेकला तेल सोडणारा खरा व्हॉल्व्ह माझ्याशेजारी टेबलावर जोडलेला असे. पेणकरपाड्याहून येणारी इंजिनिअर संपदा मला सांभाळायची. आल्याआल्या फडक्याने माझी धूळ पुसायची.

गेल्या वर्षी एका चाचणीत विमान धावपट्टीवरून घसरलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा घसरलं.

"नेटचा लॅग असणार," संपदाचे वरिष्ठ यतीन साहेब म्हणाले. "तसंच लिही. बंगळूरवाले लाइनवर थांबलेत."

"सर, तिन्हीकडच्या वेळा जुळतायत. आपला व्हॉल्व्हच उशिरा उघडतोय."

"संपदा, आता डिझाइन बदलायला वेळ नाहीये. लिही."

मग तिने लिहिलं, 'नेटवर्कमुळे उशीर', आणि खाली सही केली. खरी नोंद माझ्या पोटात होती. ती कुणी मागितली नाही.

तीन आठवड्यांनी त्याच व्हॉल्व्हला तेलाचा दाब देऊन तपासत होते. तो वेळेवर उघडला नाही. दाब वाढून नळी फुटली आणि राई गावच्या महिपत फिटरच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी दोष माझ्यावर ढकलला. संगणक जुना झालाय, म्हणाले, काहीही आकडे देतो. तेव्हा संपदाने माझी नोंद छापून पुढे ठेवली आणि सांगितलं, "खोट्या अहवालावर सही माझी आहे." नोकरी दोघांचीही गेली. मलाही बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या तारा काढत होती. महिपत आपली हत्यारं न्यायला आला होता, तो दारात थांबला.

"याला आधीच म्हाईत व्हतं?"

"होतं, काका. मलाही होतं."

तो हत्यारांची पिशवी डाव्या हाताने उचलून निघून गेला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण एखादं यंत्र, एखादं माणूस, नकोसं वाटणारं खरं सांगत असेल, तर त्याचं पुरतं ऐकून घ्या. महिपतची बोटं आता कुणालाच परत आणता येणार नाहीत.