जप्त केलेला फोन

"दात दाखवा," पडद्यावरचा माणूस म्हणाला, आणि बाईंनी ओठ मागे घेऊन दात दाखवले.

"खालचेही."

बाईंनी खालचेही दाखवले. पलंगावर पाय पसरून बसलेले मामंजी एवढा वेळ गप्प होते, तेच मोठं नवल. ते म्हणाले, "सूनबाई, माझे चालतील का विचार त्यांना. माझे तर काढून हातातच देता येतात."

पडदा काळा झाला. कसलंसं नेटवर्क गेलं म्हणे. पण नेटवर्क गेलं की माणूस गेला, हे बाईंना आता ओळखू येऊ लागलं होतं.

परदेशात इंग्रजी शिकवायला माणसं पाठवणारा हा तिसरा दलाल. पहिला चालत्या गाडीतून मुलाखत घेत होता. मध्येच चाकात हवा भरायला उतरला आणि बाई वीस मिनिटं त्याच्या गाडीच्या छताकडे अदबीनं पाहत बसल्या. दुसरी होती एक साखरेच्या आवाजाची बाई. तिनं सांगितलं, मुळाक्षरं सशासारख्या उड्या मारत म्हणून दाखवा. बाईंचं वय एक्कावन्न, डावा गुडघा बहात्तरचा. तरी सातव्या अक्षरापर्यंत त्या उडत गेल्या. साखरबाईनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, तुमचं इंग्रजी उत्तम आहे हो, पण चेहरा इंग्रजी नाही.

त्या दिवशी बाई आरशासमोर जरा जास्तच वेळ उभ्या होत्या, असं मामंजी सांगत. पण मामंजींच्या सांगण्यातून निम्मं वजा करावं लागे.

हे असलं सगळं सोसायचं कारण एकच होतं, आणि ते पलंगावर पाय पसरून बसलं होतं. सव्वीस वर्षं बाईंनी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं ती शाळा संस्थापकांच्या नातवांनी विकली. तिथं आता गाड्या उभ्या करायची सात मजली इमारत होणार होती. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांचे सासरे राहत. त्या येत्या शनिवारी रिकाम्या करून द्यायच्या होत्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्याकडून आलेल्या वस्तूंपैकी घड्याळ बंद पडलं, शिवणयंत्र गंजलं, फक्त मामंजी तेवढे टिकाऊ निघाले. धाकट्या नणंदेच्या घरी पॅसेजमध्ये एक खाट मावत होती. एकच. बाईंसाठी बायकांच्या वसतिगृहात जागा होती, आणि तिथं पुरुषमाणसाला फाटकाच्या आत प्रवेश नव्हता, मग तो चौऱ्याऐंशी वर्षांचा का असेना. म्हणजे शनिवारनंतर मामंजींचं औषध कोण देणार आणि बाईंच्या चहाला नावं कोण ठेवणार, हा प्रश्न होता. तो दोघंही मोठ्यानं विचारत नव्हते.

आणि मंगळवारच्या पेपरात ती जाहिरात आली. इंग्रजी शिक्षक हवेत, परदेशी, राहायला दोन खोल्या, कुटुंबासह.

"कुटुंबासह म्हणजे मी," मामंजी म्हणाले. "जा, पळ."

मुलाखत एका हॉटेलच्या पाच नंबरच्या खोलीत होती. पलंग भिंतीला टेकवून उभा केलेला, मध्ये टेबल, टेबलामागे सोनेरी चष्म्याचे एक साहेब. त्यांच्या उजवीकडे टायपिस्ट, डावीकडे त्यांचा ड्रायव्हर. साहेबांनी बाईंचे कागद पाहिलेच नाहीत. कागद काय कुणीही आणतं, ते म्हणाले, आम्ही वर्ग पाहतो. आता आम्ही तिघं सहा वर्षांची मुलं. तुम्ही शिकवा.

ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण पन्नाशीतला तो माणूस बूट काढून टेबलाखाली शिरला. टायपिस्टनं ड्रायव्हरचे केस ओढले. ड्रायव्हरनं असं भोकाड पसरलं की शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यानं भिंतीवर बुक्क्या मारल्या. टेबलाखालून साहेब बाईंच्या चपलेचा पट्टा सोडायला लागले.

पहिली दोन मिनिटं बाई नुसत्या उभ्या. डोळ्यांपुढे शनिवार. तिसऱ्या मिनिटाला मात्र त्यांच्या अंगातली सव्वीस वर्षं आपोआप उठून उभी राहिली. बाईंचा आवाज कधी चढत नसे, उतरत असे. आणि तो उतरला की वर्गात पंख्याची घरघर ऐकू येई. त्या हळूच काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते कुणाच्या लक्षात नाही, पण ड्रायव्हर ताठ बसला आणि टायपिस्टनं हाताची घडी घातली.

टेबलाखाली साहेबांचा फोन वाजला. तो त्यांनी तिथंच उचलायला घेतला. बाईंनी मान न वळवता हात खाली केला.

"द्या इकडे."

साहेबांनी दिला. बाईंनी तो पर्समध्ये टाकला, पर्सचं बक्कल लावलं आणि साहेबांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. साहेब राहिले. पुढचा पाऊण तास दार, खिडकी, टेबल, खुर्ची असा धडा चालला. भिंतीकडून साहेबांचं उत्तर सगळ्यांत खणखणीत येत होतं. शेवटी ते वळले तेव्हा चष्मा पुसत होते. म्हणाले, असं कोपऱ्यात आजवर मला कुणी उभं केलं नव्हतं. जागा तुमचीच समजा. गुरुवारी पासपोर्ट आणि सगळी मूळ सर्टिफिकेटं आणून द्या, ती आमच्याकडे राहतील.

बाई त्या आनंदात जिना उतरल्या. निम्म्या वाटेवर पर्स वाजायला लागली.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सव्वीस वर्षांत वर्गात जप्त केलेली वस्तू त्यांनी तास संपल्यावर परत म्हणून दिली नव्हती. हात सवयीनं वागला होता. त्या धावत परत गेल्या, तर पाच नंबरला कुलूप. मंडळी जेवायला गेली होती. मग उद्या नेऊन देऊ म्हणून त्या घरी आल्या, आणि घरी येईपर्यंत तो फोन चार वेळा वाजला. त्याचं कुलूप त्यांना उघडता येत नव्हतं, पण आलेला फोन उचलता येत होता. साहेबांचाच असेल म्हणून त्यांनी पाचव्यांदा उचलला.

"साहेब, ठेवू नका," पलीकडून एक पुरुष म्हणाला. "नोकरीचं नाही विचारत मी. भरलेले पैसेही ठेवा. आठ महिने झाले, पासपोर्ट तरी परत द्या."

बाई सांगत होत्या की मी साहेब नाही. त्याला ते ऐकूच जात नव्हतं. तो चित्रकला आणि इंग्रजी शिकवायचा. मध्ये दुसरीकडे काम मिळत होतं, पासपोर्टवाचून गेलं. एवढं सगळं एका दमात बोलून तो रडला, आणि रडल्याबद्दल माफी मागून त्यानं फोन ठेवला. लगेच दुसरा आला. बाईमाणूस होती. हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही सामान बांधून ठेवायला सांगितलं होतं. बांधलेलंच आहे. वर्ष झालं. मुली विचारतात, बॅग उघडायची का?"

दिवेलागणीपर्यंत असे सतरा फोन झाले. सुरुवातीला मामंजी प्रत्येकाला काहीतरी नाव ठेवत होते, हा रडका, ही बॅगवाली, हा खोकल्या. अकराव्यानंतर त्यांनी नाव ठेवणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना झोप लागली नव्हती, हे बाईंना पाठीवरून कळत होतं.

सकाळी साहेबांचाच फोन आला. आपला फोन हरवला म्हणून त्यांनी अर्धा दिवस टायपिस्टची पर्स झाडली होती आणि ड्रायव्हरला कामावरून काढून टाकलं होतं. मग आठवलं म्हणे, की तो आपण हातानं दिला.

बाईंनी विचारलं, "ते सतरा जण कोण?"

साहेब फार प्रेमानं बोलले. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? वर्षाला मी एक माणूस खरंच पाठवतो. एकसुद्धा गेलं नाही तर बाकीचे थांबतील कशाला? यंदाची ती जागा तुमची. शाळा खरी, दोन खोल्या खऱ्या, सासऱ्यांना घेऊन जा. शुक्रवारचं विमान. तो फोन तेवढा आणा, माझा सगळा धंदा त्यात आहे."

खोलीत नळाचं पाणी टपटपत होतं. मामंजींनी सगळं ऐकलं होतं, फोनचा आवाजच तसला मोठा होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मामंजी चादरीची एक घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

"खरं बोलतोय तो," ते म्हणाले. "चोर खरं बोलतो तेव्हा कळतं." आणि थोड्या वेळानं, "माझ्यासाठी हो म्हणू नकोस. माझ्यासाठी नाहीही म्हणू नकोस. मी काय, कुठेही बसून खोकेन."

बाईंनी हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे सांगायलाच हवं. त्या काही पुतळा बसवण्याजोगी बाई नव्हत्या. दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत हा म्हातारा, त्याच्या उशाशी औषधाचा डबा, एवढं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे पुरतं उभं राहिलं होतं. त्यात चुकून ती बॅगवाली आली. तीही कधीतरी भिंतीशी टेकून अशीच फोनवर बोलली असणार, आणि तिलाही गेल्या वर्षी गेलेल्या कुणाचं तरी उदाहरण दिलं असणार.

"आमच्या शाळेत एक नियम होता," बाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "जप्त केलेली वस्तू मुलाच्या हातात मिळत नाही. पालक आले की मिळते."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. "बाई, वडील नाहीत मला. आई आहे, तिला ऐकू येत नाही."

"मग आईंना घेऊन या. आणि येताना ते सगळे पासपोर्ट आणा."

पलीकडून फोन बंद झाला.

त्याच दुपारी बाई चौकीवर गेल्या. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा पासपोर्ट गेला का? नाही. सर्टिफिकेटं? नाही. मग तुमचं गेलं काय? आणि हा जो तुमच्या हातात आहे तो फोन कुणाचा? बाईंनी फोन पदराखाली घेतला. हवालदार तसा वाईट नव्हता. त्यानं फोनकडे न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, ज्यांचं गेलं त्यांना उभं करा. दहा-वीस जणांची नावं, पत्ते, सह्या आणा, मग मला उठावंच लागेल.

बाई तशाच हॉटेलवर गेल्या, पण साहेब गाशा गुंडाळून गेले होते. पाच नंबरच्या खोलीत तोवर एक जोडपं उतरलं होतं, नुकतं लग्न झालेलं.

शनिवारी सकाळी नणंदेचा नवरा टेम्पो घेऊन आला. खाट, ट्रंक, औषधाचा डबा वर चढला. बाईंची एक बॅग तेवढी पायरीवर राहिली, ती दुसरीकडे जायची होती. औषधांच्या वेळा त्यांनी जावईबापूंना दोनदा सांगितल्या, तिसऱ्यांदा सांगायला गेल्या तर ते म्हणाले, वहिनी, लिहून दिलंय ना तुम्ही. मामंजींना ड्रायव्हरशेजारी बसवलं. तिथं बसल्या बसल्या त्यांनी सीट टणक आहे, काच खाली होत नाही आणि ड्रायव्हर फार लहान दिसतो, अशा तीन तक्रारी केल्या. बाईंना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो वाजू दिला. त्या खिडकीशी येऊन मामंजींच्या मफलरचं टोक आत खोचत होत्या.

"उचल तो," मामंजी म्हणाले.

"वाजू दे. तुम्ही निघा आधी."

"उचल म्हणतो ना. मी कुठे परदेशी चाललोय?"

बाई पायरीवर बसल्या. गुडघ्यावर नावा-पत्त्यांची वही उघडली. चौतिसावं पान. पलीकडे एक बाई होती, साहेब आहेत का विचारत होती. बाई म्हणाल्या, साहेब नाहीत, पण मी आहे, तुमचं नाव सांगा, सावकाश सांगा, मी लिहून घेतेय.

टेम्पो सुरू झाला. फाटकाशी वळताना खिडकीतून मामंजींचा हात बाहेर आला आणि तसाच राहिला. बाईंचा एक हात फोनला, एक पेनाला. हलवायला तिसरा नव्हता. त्यांनी पेन वर केलं, टेम्पो दिसेनासा होईपर्यंत वरच धरलं, आणि मग खाली आणून विचारलं,

"हं. घर नंबर?"