कोंबड्याची फेरी

"किल्ली दे."

"नाही द्यायची."

"अगं, धारा काढून लोक दारात उभे असतील. दे म्हणतो ना!"

"राहू दे उभे. तुमच्या कपाळाचा तवा झालाय, आणि म्हणे दूध गोळा करायला निघालो!"

भिंतीपलीकडचं हे भांडण ऐकूनच मी उठलो. त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांच्याकडं कुणी कूस बदलली तरी आमच्याकडं कळतं. बाहेर येऊन पाहतो तर अंगणात धुकं साचलेलं, शेजारचा दादा मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी रिकामे कॅन अडकवून उभा आणि वहिनी गाडीपुढं ठाण मांडून बसलेली. किल्ली तिच्या मुठीत.

या दादाला सगळं गाव कोंबडा म्हणायचं. उजाडायच्या आत त्याच्या गाडीचा भोंगा वाजायचा आणि त्यावरच गाव जागं व्हायचं. दारोदार जाऊन दूध मापून घ्यायचं, कॅन भरायचे आणि डेअरीवर नेऊन टँकरमध्ये ओतायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या आधी त्याचे वडील, आबा, सायकलवरून हेच करायचे. पावसापाण्यात, लग्नाकार्यात, कधी म्हणून या घराची फेरी चुकली नव्हती.

"थंडीची कणकण आहे ही," दादा म्हणाला आणि खोकला. कोरडा, खोल खोकला. खोकून झाल्यावर गाडीला धरून उभा राहिला.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "ऐकलंत भावजी? जवळ येऊ नका. तिथूनच सांगा यांना."

मी काय सांगणार? तो नवा ताप शहरात आल्याचं आम्ही ऐकून होतो. मागच्या आठवड्यात नर्सबाई पारावर उभी राहून घसा फोडून सांगून गेली होती. ताप आला, कोरडा खोकला लागला, चालताना धाप लागली तर घरात बसा, मला कळवा, आणि ज्यांच्या जवळ बसला-उठला असाल त्यांना सांगा. सांगण्यात लाज नाही, लपवण्यात जीव जाईल. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या परीनं अर्थ लावला. कुणी गळ्यात कापराची पुडी बांधली, कुणी उंबऱ्यावर चुना ओढला. सरकारी गाडीतून नेलेला माणूस परत येत नाही, असं सुताराला त्याच्या मेव्हण्यानं फोनवर सांगितलं होतं. त्यामुळं गावात शिंकसुद्धा लोक उशीत तोंड खुपसून द्यायला लागले होते.

दादा शेवटी पायरीवर बसला. हट्ट सोडला म्हणून नव्हे, पाय चालेनात म्हणून.

फेरी आली नाही म्हणताच डेअरीचा चेअरमन आला. तोंडाला फडकं, अंगणाच्या कडेलाच थांबला.

"काय रे, काय झालं?"

"ताप आहे यांना," वहिनीनं सांगून टाकलं.

चेअरमननं मागं वळून बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, वहिनी, पडून राहू दे त्याला चार दिवस. फेरी माझा पुतण्या मारेल. औषध मी पाठवतो. पण ताप हा शब्द या अंगणाबाहेर जाता कामा नये. वरच्या डेअरीला कळलं तर टँकर आपल्याकडं वळायचा नाही. अख्ख्या गावाचं दूध उकिरड्यावर ओतावं लागेल. लोक काय खातील?"

"आणि हे काल-परवा ज्यांच्या दारात जाऊन आले त्यांचं काय?"

"त्यांना काही झालंय का? उगाच भिववून सोडायचं!"

"तुमच्या आई रोज दूध घालताना यांच्याशी बोलत बसतात. एका ओट्यावर."

चेअरमनचा चेहरा फडक्याआड दिसत नव्हता. "माझ्या आईचं मी बघतो," तो म्हणाला. "तू तुझ्या घरचं बघ. आणि जरा शहाणपणानं बघ."

तो गेल्यावर दादा आतून म्हणाला, "बरोबर बोलतोय तो. गप्प बस आता. माझ्या नावानं गावाचं वाटोळं नको."

वहिनी गप्पच बसली होती खरं तर. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं तिनं पदराऐवजी चांगला जाड रुमाल तोंडाला बांधला, हात घासून घासून धुतले आणि बाहेर पडली. धुकं विरायला लागलं होतं. पहिल्या घरापासून दहा-पंधरा पावलं लांब, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली,

"ऐका हो! आमच्या घरात ताप आलाय. हे काल-परवा तुमच्या दारात येऊन गेलेत. म्हाताऱ्या माणसांना वेगळं ठेवा. कुणाला कणकण वाटली तर नर्सबाईला कळवा. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका!"

दादाची सगळी फेरी तिनं अशी पायी केली. रोज ज्या दारात भोंगा वाजायचा त्या प्रत्येक दारासमोर उभी राहून तेच बोलली. एखाद्या दारात 'बरं केलंस सांगितलंस' म्हणाले. बाकी ठिकाणी दारं लागली. सुताराच्या बायकोनं तर बादलीभर पाणी रस्त्यावर फेकलं आणि म्हणाली, "आधी रोग वाटत फिरला, आता बातमी वाटत फिरतेय!" वहिनीच्या पायावर चिखल उडाला. ती थोडी बाजूला सरकली आणि पुढच्या घराकडं गेली.

चेअरमनच्या घरासमोर ती सगळ्यात मोठ्यानं बोलली.

दुपारच्या आत नर्सबाई दोन माणसं घेऊन आली. घरोघरी ताप बघितला. चेअरमनची आई मागच्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेली सापडली. दोन दिवसांपासून अंग तापत होतं, पण सुनेला त्रास नको म्हणून बोलली नव्हती. त्या म्हातारीला आणि दादाला एकाच सरकारी गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडीत चढताना दादानं वहिनीकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं? गावात चोर केलंस मला."

टँकर त्या संध्याकाळपासून बंद झाला. दूध ओतलेल्या उकिरड्यावर गावातली सगळी कुत्री जमली. आंबूस वास कितीतरी दिवस हवेत होता आणि वास आला की लोक वहिनीच्या नावानं बोटं मोडायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी बाभळीचे काटे आणून टाकले. दोन्ही घरं काट्यांच्या आत. माझी बायको चिडली, पण वहिनीवर नाही. "ताप काय काट्यांनी अडतो होय? अक्कल मात्र अडली यांची!" असं ती काट्यांपलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रोज एकदा म्हणायची. वहिनीच्या गोठ्यातली गाय दूध देतच होती. ते वासराला पाजून उरलेलं ती परसात ओतायची, आणि ओतताना तोंड फिरवायची.

मग आबांना ताप आला.

लेकाला गाडीतून नेल्यापासून म्हातारा तसाही जेवत नव्हता. बाजेवर पडून छताकडं बघायचा. वहिनी त्यांना दवाखान्यात चला म्हणून विनवायची, तर म्हणायचे, "मला तिकडं एकट्याला मरायचं नाही, सूनबाई. मेलो तर इथं. गाय दिसतेय मला इथून." तिनं त्यांना मागच्या खोलीत वेगळं ठेवलं, खिडकी उघडी टाकली, दारातून ताट सरकवलं. ताट तसंच परत यायचं. मी भिंतीपाशी उभा राहून त्यांच्याशी बोलायचो. धाप ऐकू यायची. एक वाक्य पुरं व्हायला त्यांना तीनदा थांबावं लागायचं.

नर्सबाईनं गाडी बोलावली होती. गाडी येईपर्यंत भर दुपारी, लख्ख उन्हात, आबा गेले.

त्यांना उचलायला माणसं नव्हती. पांढरे डगले घालून नर्सबाई, गाडीचा ड्रायव्हर, वहिनी आणि मी. सुनेनं सासऱ्याला खांदा द्यायचा की नाही, हे बोलायलासुद्धा कुणी जवळ नव्हतं. वाटेत गव्हाची शेतं लागली. गुडघाभर गहू, ओली काळी माती, डगल्याच्या आत घामानं अंग निथळत होतं आणि बाहेर गार वारा. काही जण गच्चीवर उभे होते. हात कुणी जोडले असतील तर मला दिसले नाहीत, चष्म्यावर वाफ धरली होती.

माती देऊन झाल्यावर वहिनी रडली नाही. घरी येऊन अंघोळ केली, खोली औषधाच्या पाण्यानं धुतली, गायीला पेंड घातली. माझी बायको भिंतीपलीकडून म्हणाली, "रडा हो जरा, वहिनी." तर म्हणाली, "यांना कसं सांगू, ते आधी ठरवू दे."

दादा घरी आला तेव्हा गहू पिवळा पडायला लागला होता. अर्धा माणूस परत आला असं वाटलं. गाडीतून उतरून दारापर्यंत येताना दोनदा थांबला. बाज रिकामी दिसली. कुणी काही सांगायच्या आत त्याला कळलं.

आम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतो.

"माझ्यापासूनच लागलं ना त्यांना?" तो म्हणाला.

वहिनी खोटं बोलेल असं मला वाटलं. मी बोललो असतो.

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या सकाळी कळलं त्या सकाळी मी किल्ली धरली. त्याच्या आधीचं माझ्या हातात नव्हतं."

"मी तुला काय काय बोललो."

"बोललात खरं. आता पाणी प्या."

तोवर वरच्या अंगाच्या गावातली बातमी आली होती. तिथंही पहिला ताप आला तेव्हा डेअरीसाठीच सगळ्यांनी तोंडं शिवली होती. मग एका पाठोपाठ एक घरं बसली. आमच्या गावात आबांखेरीज कुणी गेलं नाही. हे सगळ्यांना दिसत होतं, पण चुकलो असं म्हणायला कुणी आलं नाही. एका सकाळी गल्लीतले काटे मात्र बाजूला ओढलेले दिसले. कुणी ओढले ते आजवर कळलं नाही. वर्तमानपत्रात चेअरमनचा फोटो आला, गाव सावध ठेवल्याबद्दल. त्यानं तो डेअरीच्या भिंतीवर लावला.

टँकर पुन्हा सुरू झाला. दादाला कॅन काही उचलवत नव्हता; दोन पावलं चालला की छातीचा भाता व्हायचा. वहिनीनं माहेरी ट्रॅक्टर चालवला होता, तिनं गाडी काढली. पहिल्या दिवशी दादा मागं बसला, माप धरायला. भोंगा वाजला तसा मी अंथरुणातच उठून बसलो, आणि माझंही थोडं दूध घालायचं होतं म्हणून किटली घेऊन चेअरमनच्या ओट्याकडं गेलो. आता दारोदार न फिरता तिथंच आमच्या भागातल्या सगळ्यांचं दूध घ्यायचं ठरलं होतं.

लोक आले होते. एकमेकांपासून लांब, तोंडाला फडकी. सुताराची बायको पण होती. तिनं तांब्या जमिनीवर ठेवला, मागं सरकली आणि वहिनीनं उचलल्यावर हळूच म्हणाली, "गाय व्यालीय. उद्यापासून जास्त असेल." बोलण्यासारखं तेवढंच तिला सापडलं असावं.

मग चेअरमनची आई बाहेर आली. तीही वाळून काडी झालेली. सून मागून 'आत बसा, आत बसा' करत होती. म्हातारीनं हातातलं भांडं तसंच धरलं आणि गाडीकडं बघत विचारलं, "आबा कसे आहेत गं? दवाखान्यात तुझा नवरा सांगायचा, बरे आहेत म्हणून."

दादानं मान खाली घातली.

"आबा गेले, मावशी," वहिनी म्हणाली.

म्हातारी तिथंच ओट्याच्या कडेला टेकली. भांडं कलंडलं, दूध पायरीवरून खाली वाहू लागलं, ते कुणी सावरलं नाही. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "अरे, या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून बघतेय त्याला. कोपऱ्यावरूनच घंटी वाजवायचा सायकलची. ऊन, पाऊस काही नाही. माझं पहिलं पोर गेलं तेव्हा या ओट्यावर बसून रडला होता तो, दूध न घेता. आणि तो गेला तर मी त्याच्यासाठी..." तोंडावरचं फडकं तिनं ओढून काढलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

आबा गेल्यापासून गावात त्यांच्यासाठी रडणारं ते पहिलं माणूस.

वहिनी गाडी सोडून पुढं आली. म्हातारीपासून चार हात लांब, खालच्या पायरीवर बसली, आणि मग इतके दिवस आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. दादा गाडीला टेकून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

टँकरची वेळ होत आली होती. चेअरमननं एकदा घड्याळ बघितलं, मग हात खाली घेतला. आम्ही सगळे आपापली किटली धरून जागच्या जागी उभे राहिलो. कुणी घाई केली नाही.