मी भुंकू की नको?

मी बाबल्या बोलतोय. म्हणजे बोलावं की नाही, हेही मला आता नक्की माहीत नाही. या घरात मी तोंड उघडलं की एक जण खूश होतो आणि बाकीचे कपाळाला हात लावतात. तुम्हीच ऐका आणि ठरवा बुवा.

माझा जन्म कांजूरमार्गला, एका शहाळेवाल्याच्या गाडीखाली. जात विचाराल तर रस्त्याची. श्रुतिका कॉलेजातून येताना मला सॅकमध्ये घालून मुलुंडला घेऊन आली आणि घरात बोंबाबोंब झाली. तिची आई मानसी बँकेत आहे. ती म्हणाली, हे ध्यान उद्याच्या उद्या परत जाईल. वडील राजेशनी नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये डोकं घातलं. निकाल लावला तो आजोबांनी, म्हणजे राजेशच्या वडिलांनी. त्यांनी मला मांडीवर घेतलं, बाबल्या म्हणून हाक मारली आणि विषय संपला. श्रुतिकाने हौसेने ठेवलेलं इंग्रजी नाव लशींच्या कार्डावर आहे म्हणे. त्या नावाने मला डॉक्टरशिवाय कोणी ओळखत नाही.

आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एकदम खडखडायचे, शेजारच्याचं बोलणं कानावर पडायचं नाही, म्हणून माणसं ओठ बघून आणि हातांच्या खुणांनी बोलायची. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण आजोबांचे हात अजून बोलतात. तळहात खाली केला की बस. दोन बोटं हलवली की ये. मला ते आल्या दिवसापासून समजत होतं.

आणि आणखी एक गोष्ट या घरात फक्त मला समजली होती. आजोबांना ऐकू येत नाही. ओठ बघून ते इतकं बेमालूम 'हां, हां' करायचे की मुलगा-सून समजत, म्हाताऱ्याचं लक्ष नसतं. पण दुपारी घरात आम्ही दोघंच. बेल वाजायची आणि आजोबा पेपरात डोकं घालून बसलेले. मग मी त्यांच्या पुढ्यात जाऊन जोरजोरात भुंकायचो. ते उठायचे, दार उघडायचे, आणि आले की खिशातले चार चणे मला द्यायचे. हे आमचं काम झकास चाललं होतं.

वाट लागली ती समोरच्या चंद्रप्रकाशमुळे. तो रात्रपाळी करून येतो आणि दुपारी झोपतो. माणूस वाईट नाही. दोनदा हात जोडून सांगून गेला, तिसऱ्यांदा मात्र सोसायटीत लेखी तक्रार केली. मानसीने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, बाबल्याला ट्रेनिंग.

आता कुठलं ट्रेनिंग, यावर घरात चर्चा झाली. राजेशना घराजवळचं हवं होतं, मानसीला लवकर गुण येणारं, आणि श्रुतिकाला ज्याचे व्हिडिओ छान आहेत ते. मी टेबलाखाली बसून सगळ्यांची तोंडं बघत होतो. हा भुंकतो कशासाठी, असं एकानेही विचारलं नाही. आजोबा 'हां, हां' म्हणत होते.

आधी रविवारची शाळा झाली. मैदानात आम्ही कुत्रे ओळीने, आणि आकाश नावाचा मास्तर. स्वभावाने गोड, खिशात बिस्किटं. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं. मी पहिला आलो. घरी आलो, बेल वाजली, मी भुंकलो. आता मैदानात कुठे बेल असते? मानसी म्हणाली, पैसे पाण्यात. आजोबांनी गुपचूप चणे दिले. मी बरोबर केलं की चूक, मला काही कळेना.

मग मला कर्जतकडच्या एका फार्मवर ठेवलं, महिनाभर. तिथलं फार सांगत नाही. तिथे बेल होती. बेल वाजल्यावर तोंड उघडलं की गळ्यातल्या साखळीला असा हिसका बसायचा की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला घर आठवायचं. आपण काय वाईट केलं, हे आठवून आठवून डोकं शिणलं. शेवटी मी गप्प झालो.

घरी आलो तर काय आनंद! बेल वाजली, मी जमिनीला चिकटून गप्प पडलो, आणि मानसीने माझे लाड केले. तिने यापूर्वी कधी केले नव्हते. चंद्रप्रकाशने तर पेढे आणले.

पण दुपारी बेल वाजायची आणि आजोबा उठायचे नाहीत. कुरिअरवाला परत जायचा. एकदा श्रुतिका चावी विसरली आणि उन्हाची येऊन जिन्यात बसून राहिली, फोन करून थकली. संध्याकाळी सगळे आजोबांवर वैतागले, अण्णा तुम्ही झोपता तरी किती! आजोबा मान खाली घालून बसले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बसून हाताने खूण केली, भुंक. चणे पुढे धरले. आता आली का पंचाईत? भुंकावं तर गळा आवळेल, न भुंकावं तर आजोबा. तेवढ्यात खरंच बेल वाजली. मी भुंकलो, आणि भुंकता भुंकता भीतीने तिथेच मुतलो.

त्यानंतर रोज तेच. भुंकणंही आलं आणि लादी पुसणंही. मानसीची सहनशक्ती संपली. तिने ठरवलं, सावंतवाडीहून राजेशचे काका येणार आहेत, त्यांच्याबरोबर बाबल्या जाईल, तिकडे वाडीत बांधतील. श्रुतिका रडली. कुत्र्यांना शिकवणारी एक शेवटची बाई बघू या, प्लीज, म्हणाली. अशा रीतीने दीप्ती आली.

ही वेगळीच. मला काही शिकवलंच नाही. चहा पीत नुसती बसली आणि श्रुतिकाला बाहेर जाऊन बेल वाजवायला सांगितलं. बेल वाजली. मी थरथरत उठलो.

"हा दाराकडे बघतच नाहीये," दीप्ती म्हणाली. "आजोबांकडे बघतोय. का?"

मानसी म्हणाली, ते जाऊ द्या हो, परवा काका येतायत, तो जाणारच आहे. आजोबांनी तिचे ओठ वाचले. पेपर बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"तेका खंय धाडू नुको," ते गावच्या मालवणीत म्हणाले. "तो माझ्यासाठी भुकता. माका बेल ऐकाक येणा नाय. बरीच वर्सां झाली."

 मग राजेश उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि हळू, ओठ दिसतील असं म्हणाले, "अण्णा, सांगायचं ना." आजोबा म्हणाले, सांगितलं असतं तर मला एकट्याला खाली बाजारात सोडलं असतं का तुम्ही? मानसी तोंड फिरवून रडत होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी जाऊन सगळ्यांचे हात चाटले.

सावंतवाडीचे काका एकटेच परत गेले. दीप्तीने मला नवी रीत शिकवली. बेल वाजली की आवाज नाही, सरळ जायचं आणि आजोबांच्या गुडघ्याला नाक लावायचं. चंद्रप्रकाश झोपू शकतो आणि दारही उघडतं. आजोबा पूर्वीसारखे एकटे बाजारात जातात, येताना चणे आणतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर एवढंच मागणं आहे. कुठल्या शाळेत घालायचं ते सावकाश ठरवा. आधी दोन दुपारी घरी बसा आणि तो कोणासाठी भुंकतोय ते बघा.

माझा गोंधळ मात्र संपलेला नाही. परवा राजेशनी आजोबांच्या कानाला एक मशीन आणून लावलं. बेल वाजली, मी धावत गेलो, तर खुर्ची रिकामी. आजोबा माझ्याआधी दाराशी पोचले होते! सगळे टाळ्या वाजवत होते. मी रिकाम्या खुर्चीसमोर उभा. आता माझं काय काम, मला समजेना. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आजोबांनी ते पाहिलं असणार. आता दुपारी सगळे कामाला गेले की ते मशीन काढतात, डबीत ठेवतात, पेपर उघडतात आणि माझ्याकडे बघून खुर्चीत आरामात बसतात.