ओढीला पक्की, भाराला हळवी

या, जरा अलीकडं सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, त्यांनाही घटकाभर विसावा. गोष्ट लहानच आहे, पण नीट सांगीन. पिंपळीच्या अनिताची आणि तिच्या वन्संची.

वन्सं म्हणजे रतनताई, अनिताच्या नवऱ्याची थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, पण गळा देवानं हातचं न राखता दिला. एरवी बांधावर बसून भेंडी निवडायच्या, बोलावणं आलं की कीर्तनाला निघायच्या. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून दोन-दोन तास उभ्या. हल्ली मात्र तो पेलवेना. अर्ध्या कीर्तनात कंबर भरून यायची, मांडी सोलवटायची. खुर्ची घ्या म्हणणाऱ्यांना त्यांचं एकच उत्तर असे : नारदाच्या गादीवर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. इंदापूरच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन त्यांनी घेतलं आणि घरात सांगून टाकलं, हे शेवटचं.

अनिताला ते फार लागलं. ती बारामती एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत कामाला. धातूची पट्टी मशीनच्या जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ओढायची, आकडा लिहायचा, हे तिचं रोजचं काम. तिथं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या आल्या होत्या. वजनाला लोखंडाच्या पाव हिश्श्याच्या, आणि ओढून पाहिल्या तर ताकदीला लोखंडाच्या तोडीच्या. उरलेल्या पट्ट्या तिनं प्रयोगशाळेच्या दादासो सरांकडून मागून घेतल्या आणि कॅलिपर बांधणाऱ्या राजवर्धनकडून जुन्याच मापानं बसवून आणल्या.

ताईंनी नवा कॅलिपर चढवला, ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि पायात काही घातलंय असं वाटतच नाही म्हणाल्या. मग सराव म्हणून त्यांनी एका अभंगाचं धृपद धरलं, रंगात आल्या, डाव्या पायावर सगळा भार टाकून गिरकी घेतली, आणि गुडघ्यापाशी पट्टी वाकली. तुटली नाही, नुसती वाकली. ताई मात्र कोपरावर आदळल्या.

अनिताला रडू आवरेना. पट्टी तपासली होती, केवढ्या जोरानं ओढली होती, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ताई कोपराला हळद लावून घेत ऐकत होत्या.

"ओढ की किती बी," त्या म्हणाल्या. "मी काय तिला लोंबकळती व्हय गं? मी तिच्यावर उभी राहती."

अनिताचं रडू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पट्टीचा आखूड तुकडा कापला आणि ओढायच्या ऐवजी दाबला. ओढताना जेवढं सोसलं होतं, त्याच्या निम्म्यावरच तो नमला. मशीन बिघडलं असेल म्हणून तिनं आणखी दोन तुकडे घातले. तेच. पट्टीच्या रुंदीच्या दिशेनं कापून दाबला, तर तिसराच आकडा. दादासो सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि कबूल केलं की लोखंडाच्या सवयीनं तेही फसले असते. लोखंड ओढा की दाबा, साधारण सारख्याच जोराला नमतं. ही पट्टी साच्यातून रेटून काढलेली. रेटताना तिच्यातले कण एका अंगाला निजतात. लांबीत ओढलं तर ते जागचे हलत नाहीत, पण लांबीत दाबलं की कूस बदलतात, आणि पट्टी वाकते.

"मग नाद सोडायचा का, सर?"

"सोडायचा कशाला? ती निम्मंच सोसती ना, मग हिशेबाला निम्मंच धर आणि पट्टी जाड घे. तरी लोखंडापेक्षा हलकी राहतीय का बघ."

राहिली. दुपटीहून जाड पट्ट्या घालूनही नवा कॅलिपर जुन्याच्या जेमतेम निम्मा भरला. या वेळी अनितानं पट्टी दाबून पाहिली, दोन्ही अंगांनी वाकवून पाहिली, आणि ताईंच्या दीडपट वजनाच्या कांद्याच्या गोण्या तिच्यावर दिवसभर ठेवून दिल्या. नवरा म्हणाला, पुरे झाले हे प्रयोग, ताई पुन्हा पडली तर? ताईंनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही.

"आता दाबून बघितलीस न्हवं?"

"व्हय, वन्सं."

"मंग आण हिकडं."

इंदापुरात मांडव माणसांनी भरला होता. बायकांत बसलेल्या अनिताला पहिला तासभर एक शब्द ऐकू आला नाही. नजर ताईंच्या डाव्या गुडघ्यावरच. एरवी कंबर धरायची ती वेळ आली आणि गेली. ताई थोड्या थांबल्या, पण पाणी प्यायला. मग त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की हे त्यांना भावजयीनं शिकवलं : वाकलेल्या माणसाला कच्चा म्हणायची घाई करू नका, भार कुठल्या बाजूनं आला ते आधी विचारा. मृदंग पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठं अनिताला अभंग ऐकू आला.

काला वाटून झाल्यावर सप्ताहवाल्यांनी चाचरतच पुढच्या वर्षाचं विचारलं. ताईंनी लगेच होकार दिला.

तर मंडळी, कीर्तन रंगात आलं की देवाला हात जोडाच. पण त्याच हातांनी, मनातल्या मनात, अनितालाही एक नमस्कार घाला. पहिली पट्टी वाकली ती तिच्या चुकीनं, आणि ती चूक तिनं झाकली नाही. तेवढी तिची आठवण असू द्या.