ऑरिनला हवी असलेली स्वस्त कार्बाइन

ऑरिन आमच्या बंदुकांच्या दुकानात आला आणि त्याचं तोंड बघूनच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. दीर आहे माझा, रॉस्कोचा धाकटा भाऊ. एरवी आला की आधी कॉफी कुठंय ते विचारणार, मग माझ्या वजनावरून काहीतरी टोमणा मारणार आणि मग कामाचं बोलणार. त्या दिवशी टोपीसुद्धा न काढता सरळ काउंटरपाशी आला.

"व्हर्लीन, एखादी स्वस्तातली कार्बाइन दाखव. आखूड नळीची, पिस्तुलाची गोळी चालणारी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कायोटी कोल्हे माजलेत. परवा एक वासरू ओढून नेलं."

आता मला जे ठाऊक होतं ते आधी सांगून टाकते. त्याची बायको डार्ला वसंतात गेली. दुखणं लांबलं होतं, त्यात हा माणूस अर्धा झाला होता. अंत्यविधीच्या आठवड्यात रॉस्कोने त्याच्या घरातल्या सगळ्या बंदुका उचलल्या आणि आणून आमच्या तिजोरीत ठेवल्या. आमच्या इथे असंच चालतं. कुणी दुःखात बुडालं, दारूला लागलं, बायको सोडून गेली, की भाऊ नाहीतर शेजारी जाऊन म्हणतो, "तुझ्या बंदुका जरा माझ्याकडे राहू देत." तो देतो. कुठे बोभाटा होत नाही. त्याने मागितल्या की परत द्यायच्या, फक्त देताना तोंडाकडे बघून विचारायचं, "बरा आहेस ना?" आणि ऑरिनला जन्मात कधी भावाशी खोटं बोलता आलेलं नाही. म्हणून तर तो तिजोरीकडे न जाता माझ्या दुकानात आला होता. एवढं कळायला काही फार अक्कल लागत नाही.

त्यात आमच्या यजमानांचा शहाणपणा बघा. पिस्तूल आणलं, पण त्याची मॅगझिनं, गोळ्या भरून खाली खोचायच्या त्या डब्या, तिथेच राहू दिली, ऑरिनच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, गोळ्यांसकट! का, तर पिस्तूलच नाही म्हटल्यावर त्या गोळ्या काय कामाच्या? बंदुकांमध्ये वाढलेल्या माणसाचा हिशोब हा. हत्यार ते हत्यार, बाकीचं सगळं भंगार.

"मॅगझिनं आहेत माझ्याकडे," ऑरिन म्हणाला. "तीच बसतील अशी दे. उगाच नवा खर्च नको."

म्हणजे ड्रॉवरमधली, त्या पिस्तुलाची. तरी मी तोंड चालूच ठेवलं, कारण तेवढंच मला येतं. सगळ्यात स्वस्त होती ती काढून समोर ठेवली. "ही बघ. दिसायला अशी की कायोटी हिला बघूनच पळेल. जड आहे, पण खांद्याला धक्का कमी देते."

"माझी मॅगझिनं बसतात?"

"नाही. हिला हिचीच लागतात."

"मग दाखवतेस कशाला?"

"गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही तर काय झाकून ठेवायचं?"

हसला नाही. भिंतीवरच्या दुसऱ्या कार्बाइनकडे बोट केलं. ती मधोमध घडी होणारी होती, पिशवीत मावेल अशी. मी म्हटलं, "ती गालाला टोचते. चाप कडक आहे. परत आणून देणारे पुष्कळ."

"पण मॅगझिनं बसतात."

"बसतात," मला म्हणावंच लागलं. दुकान बापाचं आहे माझ्या, आणि मालाबद्दल खोटं बोलायची सवय नाही.

"मग तीच दे."

मी काही हात लावला नाही. पोरगा होता तेव्हापासून शिकार करणारा माणूस हा, हरणाच्या मागे दिवसदिवस डोंगरात जाणारा. अशा बंदुकीची गोळी मोकळ्या रानात किती लांब जाते आणि कुठे मान टाकते, हे त्याला मी सांगायची गरज आहे का? तरी सांगितलं.

"ऑरिन, कायोटी काय तुझ्या ओट्यावर येऊन बसतो? कुरणाच्या त्या टोकाला असतो तो. त्याला तुझी रायफलच बरी. चल घरी. रॉस्को आत्ता काढून देईल."

तो काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाला, "रॉस्कोला कशाला त्रास?"

झालं. माझा धीरच सुटला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, असतं तरी मी थांबले नसते. "जीव द्यायचाय का तुला?" मी विचारलं. असंच, उघड.

आधी त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "वेड लागलंय तुला."

"लागू दे. तू नाही म्हण. माझ्याकडे बघून नाही म्हण, आत्ता काढून देते."

त्याला म्हणता येईना. मला वाटलं आता रडेल, आणि रडला असता तर किती बरं झालं असतं! पण तो चिडला.

"विकायची नसेल तर तसं सांग."

"नाही विकत."

"दुकानं काय सगळी तुझ्याच बापाची आहेत?" असं म्हणून तो निघाला. मी गाडीपर्यंत मागे धावले, दाराला धरलं, पण त्याने गाडी काढलीच. रागात असूनही माझा हात दारात सापडू नये म्हणून आधी हळूच पुढे घेतली. तेवढ्यानेच मला रडू फुटलं.

मग मी फोन घेतला. आम्ही दुकानदार एकमेकांना फोन करतोच. अमका चोरीचं कार्ड घेऊन फिरतोय, तमकी स्वतःच्या नावावर नवऱ्यासाठी बंदूक बघतेय, वगैरे. पण घरच्या माणसाचं नाव असं कधी कुणी फोनवर घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी घेतलं. पुढच्या गावात घेतलं, जुन्या बंदुका विकणाऱ्या गहाणवाल्याकडे घेतलं, आणि शेवटी हायवेवर दुकान असलेल्या लायलकडे. प्रत्येकाने तेच विचारलं, "आपला ऑरिन?" आणि प्रत्येकाला मी म्हटलं, हो, आपलाच.

लायल म्हणाला, "माझ्याकडे आला तर मी त्याला बसवून घेतो. तू रॉस्कोला पाठव."

रॉस्को बीटाच्या शेतात होता. ट्रॅक्टर तसाच उभा टाकून निघाला. मी दुकानाला कुलूप लावून घरी आले आणि बटाटे सोलत बसले. दहा माणसांना पुरतील एवढे सोलले. फोन वाजला की सुरी हातातून पडायची.

संध्याकाळी दोघे भाऊ एकाच गाडीतून आले. ऑरिन आमच्या स्वयंपाकघरात बसला. मी ताट पुढे ठेवलं, त्याने बाजूला सारलं.

"सगळ्या मुलखाला सांगितलंस," तो म्हणाला. "माझी लाज वेशीवर टांगलीस."

"सांगितलं."

"गहाणवाला, ज्याने आयुष्यात कुणाला फुकट पाणी दिलं नाही, त्याने मला डोनट दिला! तेव्हाच कळलं मला. आणि लायल! दुसरा कुणी मिळाला नाही तुला? लग्नाआधी डार्लाच्या मागे फिरायचा तो लायल?"

"त्याने काय केलं?"

"दार लावून घेतलं आणि हमसून हमसून रडायलाच लागला. मला धरून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलो होतो, मी! माझी बायको गेली आणि मी त्या गाढवाला समजावत होतो, उगी, उगी म्हणून!"

रॉस्को भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, देव जाणे. ऑरिनने माझ्याकडे बोट केलं.

"तुझ्याशी मी यापुढे बोलणार नाही, व्हर्लीन. मरेपर्यंत नाही."

"नको बोलूस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो मला आवरेना. "म्हातारा हो, दात पडू देत, काठी टेकत टेकत माझ्या दारावरून जा आणि माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. पण अबोला धरायलासुद्धा माणूस जिवंत लागतो, मेल्या!"

त्यावर त्याने टेबलावर डोकं ठेवलं. रॉस्को जाऊन त्याच्याशेजारी बसला. रात्री तो आमच्याच सोफ्यावर झोपला आणि सकाळी रॉस्कोने त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. पुढेही नेत राहिला, तो नको नको म्हणत असताना.

शब्दाचा पक्का आहे ऑरिन. अजून माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. रविवारी चर्चमध्ये मुद्दाम माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसतो, मला पाठ दिसावी म्हणून. पाद्रीबाबा काय सांगतात ते मला हल्ली काही ऐकू येत नाही. मी त्या पाठीकडे बघत बसते. ती श्वासाबरोबर वर होते, खाली जाते, परत वर होते.